सदतिसाव्या पानावरची तळटीप

त्या पत्राला उपळेकरांनी उत्तर दिलं नव्हतं. एप्रिलमध्ये आलेलं ते पत्र ऑक्टोबरपर्यंत त्यांच्या टेबलावरच्या शब्दकोशात पडून होतं. शाईनं कागदावर लिहिलेलं पत्र दैनिक 'आडगंगा'च्या कचेरीत आता सहसा येत नसे. मुलीनं त्याचं कारणही दिलं होतं : फोनवर लिहिलं तर तेही मोजलं जाईल.

"संपादक काका, मी मिथिला खरमाटे, वय एकोणीस. तुमच्या पाहणीतल्या साठ मुलांत मी होते. तेव्हापासून फोनवरच्या माझ्या पानावर रोज पहिली बातमी शलाकाताईची असते. तिचा गुडघा, तिच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या, सरावाला न जाणं. बातमीखाली 'तुमची ओढ : ८८' असं येतं. मैत्रिणी म्हणतात, यंत्र मनातलंच दाखवतं. मला ताईचं वाईट वाचायला आवडतं का? माझं तिच्यावर प्रेम आहे हो. यंत्र चुकतं, एवढं एक वाक्य लिहून कळवा."

'आडगंगा' हे तालुक्याचं वर्तमानपत्र. तरुण वाचक गळू लागले, तेव्हा मालकांनी विद्यापीठातून डॉ. नसीम मुजावर यांना बोलावलं. तरुणांना काय हवं हे विचारून कळत नाही, हा त्यांचा अनुभव होता. विचारलं की मुलं म्हणतात, नोकऱ्यांची माहिती द्या, पाणीप्रश्नावर लिहा. आणि तसं छापलं की ते न वाचताच पुढे जातात. म्हणून मुजावरांनी विचारणंच सोडलं. वाचताना डोळ्याची बाहुली किती रुंदावते, पापणी किती वेळ लवत नाही, श्वास कोणत्या शब्दावर अडतो, हे फोनचा कॅमेरा टिपू लागला. त्यातून शून्य ते शंभर असा एक आकडा निघे. त्याला त्यांनी 'ओढ' असं नाव दिलं. ज्याची जशी ओढ, तसं त्याचं पान.

मालक एवढ्यावर थांबले नाहीत. बातमीदारांच्या नेमणुकाही त्यांनी ओढीवर सोपवल्या. एखाद्या बातमीची ओढ वाढली की यंत्र बातमीदार बाबू जगदाळेला तिकडे पिटाळायचं.

शलाका जिल्ह्याच्या खो-खो संघाची कर्णधार होती. गुडघ्याची दुखापत महिन्याभरात बरी होणारी होती. पण धाकट्या बहिणीची नजर त्या बातमीवर खिळली आणि जगदाळे रोज खरमाट्यांच्या दारात उभा राहू लागला. एकदा लिहिलेली बातमी एका पानावर राहत नाही. ती गावानं वाचली, निवड समितीनंही वाचली. बातमी खोटी पाडायची म्हणून शलाका त्याच गुडघ्यावर सामना खेळली आणि खांबापाशी वळताना कोसळली. आता ती काठी घेऊन चालते. जूनमध्ये तिच्या हाती मिथिलाचा फोन लागला. "तुला रोज हे वाचायचं होतं?" एवढंच विचारून ती मामाकडे निघून गेली. जगदाळेनं हे वाक्यही छापलं.

उपळेकरांनी उत्तर का दिलं नाही? चार वेळा ते लिहायला बसले. यंत्र चुकतं असं लिहावं तर त्यांना ते खोटं वाटे. चुकत नाही असं लिहायला हात धजत नसे. मुजावरांना विचारावं, तर इतक्या शिकलेल्या बाईंना आपला प्रश्न बाळबोध वाटेल अशी त्यांना लाज वाटे.

दसऱ्यापासून ओढीचं पान साठ मुलांपुरतं न राहता सगळ्या वाचकांना मिळू लागलं. तेव्हा मुजावर पुन्हा आल्या. उपळेकरांनी खूप वेळ चष्मा पुसला आणि शेवटी पत्र पुढे केलं.

"डॉक्टरबाई, हे खरं आहे का हो? त्या मुलीला बहिणीचं वाईट हवं होतं?"

मुजावरांनी पत्र दोनदा वाचलं. "सर, ओढ म्हणजे आवड नव्हे. मूल तापलं की आई थर्मामीटरकडे कशी बघते? श्वास रोखून, पापणी न लववता. शत्रूची फजिती बघणाराही तसाच बघतो. यंत्राला दोन्ही नजरा सारख्याच. ही मुलगी काळजीनं वाचत होती."

"मग हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. अहवालात, पान सदतीस. तळटीप होती."

उपळेकर उठले, कपाटातून अहवाल काढला. मालकांना वाचायला सोपा जावा म्हणून त्यांनीच तो छोटा केला होता. सदतिसाव्या पानाच्या तळाशी तीन ओळी होत्या. त्यांवर लाल शाईची काट होती आणि समासात त्यांचंच बारीक अक्षर : वर्तमानपत्रात तळटीप नसते.

"चाळीस वर्षांची सवय," ते पुटपुटले. "तळटीप दिसली की न वाचताच हात आपोआप खोडायला जातो."

त्यांनी अहवाल मिटला आणि कोरा कागद पुढे ओढला.

"आता तिला कळवतो. तिची नजर काळजीची होती, आणि ते मी खोडलं, असं लिहितो."

"थांबा सर." मुजावरांनी पत्राची घडी घातली. "आज ती काय समजतेय? आपण वाईट होतो म्हणून ताईचा पाय गेला. तुमचं पत्र सांगेल की ती चांगली होती, ताईची काळजी करत होती, म्हणूनच गेला. यातलं कोणतं ओझं हलकं?"

"खरं आहे ते सांगायला नको?"

"एप्रिलमध्ये सांगायचं होतं. तेव्हा तिनं वाचणं थांबवलं असतं. आता सांगून तुमचंच मन हलकं होईल."

उपळेकरांना ते पटलं. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिहायला बसले. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे असावा म्हणून त्यांनी फोनवर 'आडगंगा'तली पाहणीच्या वेळची जुनी बातमी उघडून ठेवली. साठ मुलांच्या फोटोत मिथिला दुसऱ्या रांगेत हसत होती. एक ओळ लिहायची, फोटोकडे बघायचं, ओळ खोडायची. असे तीन तास गेले. अखेर सात ओळी उरल्या. पाकिटावर पत्ता लिहून ते कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी आले.

पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं, तेवढ्यात फोन वाजला. जगदाळे होता.

"सर, खरमाट्यांच्या धाकटीच्या दारात उभा आहे. यंत्रानं पाठवलंय."

"धाकटीच्या? ती कशात आहे?"

"कशातच नाही हो! चार महिने ती घराबाहेरसुद्धा पडलेली नाही. पण कोण बहाद्दर आहे कुणास ठाऊक, सकाळपासून तिच्या फोटोवर डोळे लावून बसलाय. ओढ शहाण्णव! एवढी तर थोरलीलाही नव्हती."

"बाबू, परत ये."

"कसा येऊ? ओढ उतरल्याशिवाय नेमणूक सुटत नाही. अन् उद्यापासून रोज यायचंय म्हणे. बरं, ती दार उघडतेय. पहिलं काय विचारू?"

उपळेकरांनी पाकीट चिमटीत धरलं होतं. ते अजून मागे ओढता आलं असतं. पत्र परवा पोचणार होतं, आणि ते वाचताना तिच्या दारात कोण उभं असेल हे आता त्यांना माहीत होतं. फोनमधून कडी निघाल्याचा आवाज आला, आणि मग एक बारीक, घाबरलेला आवाज : "कोण?"

त्यांचा श्वास अडला. बोटं सैल पडली, आणि पाकीट पेटीत पडलं.