या कधीतरी जेवायला

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच घरात घडली आहे, आणि अजून संपलेली नाही.

आम्ही टोकियोत राहतो, हिगाशी-कसाईला. मी आयटीत. बायको सुचित्रा इथे पीएचडी करते. एकोणिसाव्या शतकात जपानी विद्यार्थी जी मासिकं काढायचे, त्यांत दफनाबद्दल काय छापून यायचं, हा तिचा विषय.

"दुसरा आनंदी विषय नव्हता का?" मी चिडवायचो.

"तुझ्या बग रिपोर्टपेक्षा बरा आहे."

मागच्या महिन्यात तिला एका मासिकात चार ओळी सापडल्या. वसतिगृहातला एक मुलगा तापाने गेला. गाव लांब, घरचं कुणी पोचलं नाही. मित्रांनीच पुरलं. तेव्हा इथे प्रेत लाकडी पिंपात बसवून पुरायचे, गुडघे छातीशी दुमडून. पिंप लहान पडलं, सोबत त्याच्यासाठी भात ठेवायलाही जागा उरली नाही, असं मित्रांनी लिहिलं होतं.

ज्या देवळाच्या आवारात त्याला पुरलं, ते शेजारच्या कोतो भागात निघालं, घरापासून जवळच. रविवारी दुपारी आम्ही गेलो, पाच वर्षांच्या नुपूरला घेऊन. सुचित्राने इथल्या पद्धतीने थडग्यावर पाणी घातलं, उदबत्ती लावली.

निघताना काय बोलावं मला सुचेना. पुण्याचा माणूस मी. तोंडात बसलेलं वाक्य बाहेर पडलं.

"या कधीतरी जेवायला."

आपण हे शंभर जणांना म्हणतो. कुणी येत नाही, म्हणून तर म्हणतो.

सुचित्राचा चेहरा उतरला. "अरे, इथे कुणी 'या' म्हणतं का?"

पुढच्या रविवारी दुपारी जेवायला बसलो, तर टेबलाखालून आवाज आला... जुनं लाकूड कुरकुरल्याचा.

आमचं टेबल काचेचं आहे.

नुपूर खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मान खाली.

"पाय खाली सोड गं."

ती जपानीत पुटपुटली... "जागा नाहीये."

मी तिचे पाय ओढून पाहिले. हलले नाहीत. गार पडले होते, आणि त्यांना वास येत होता... ओल्या मातीचा.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं उत्तम, म्हणाले. तीन दिवस माझी पोर तशीच बसून होती. झोपायचीही बसूनच. मला रडू यायचं. स्वतःच्या जिभेचा राग यायचा.

शेवटी सुचित्रा म्हणाली, "बोलावलंयस ना? मग जेवायला वाढ."

चौथ्या खुर्चीपुढे ताट मांडलं. वरण-भात, तूप, लिंबाची फोड. मी हात जोडले. "बसा. सावकाश होऊ द्या."

नुपूरला टेबलाशीच ठेवून आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो.

वाटी वाजली नाही. चमचा वाजला नाही. फक्त... कुणीतरी घाईघाईने गिळत होतं.

मग पावलं ऐकू आली. नुपूर चालत आली, पाय सरळ. मी तिला उचलून घट्ट धरलं.

ताटात शीतही उरलं नव्हतं.

"गेले का गं पाहुणे?"

"गेला," ती जपानीत म्हणाली. "त्याला खूप आवडलं. त्याने बाकीच्यांना सांगितलंय."

"बाकीचे कोण?"

"तिथलेच. रविवारी येतायत."

आज रविवार आहे. मी हे लिहितोय आणि समोर नुपूर खुर्चीत बसली आहे. तिचे गुडघे हळूहळू वर येतायत...

सुचित्राने सकाळीच शेजारच्या अनघाकडून मोठं पातेलं आणलं. आता तांदूळ धुते आहे.

किती जणांचे, ते मी विचारलेलं नाही.