साडेचार किलोची नात

"घे म्हणते ना! गिऱ्हाईक ताटकळलंय!"

भट्टीतून नुकत्याच निघालेल्या केकचा वाफाळता तुकडा सासूबाईंनी थेट सुनेच्या ओठांपाशी नेला. बेकरीतली प्रत्येक खेप विकायला मांडण्याआधी चाखायची, हे गेली पाच वर्षं सुनेचंच काम... दिवसाला बारा-तेरा तुकडे, वर बोटभर क्रीम! आज मात्र तिने मान फिरवली.

"आई, नको. सांगितलंय मी तुम्हाला."

"कशात काय नि फाटक्यात पाय! अजून दिवस गेलेले नाहीत, नि बाईसाहेबांची पथ्यं सुरू!"

पीठ मळता मळता नवरा हसला. "अगं, एका तुकड्याने काय होतंय?"

एका तुकड्याने! तिच्या अंतःकरणात वणवाच पेटला... पहिल्या गरोदरपणात सहाव्या महिन्यात साखर वाढली, दिवसातून चार चार वेळा बोट टोचून घेताना तिचे डोळे भरून यायचे, तेव्हा हे हसू कुठे होतं? डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "एकदा झालं की पुढच्या खेपेलाही होऊ शकतं. हमी कुणीच देणार नाही. पण दिवस राहण्याआधीच वजन उतरवलंत, रोज चालत राहिलात, तर धोका कमी होतो." म्हणून चार महिने ती घरोघरी पायी पाव पोचवत होती, सहा किलो उतरली होती... आणि घरच्यांनी तिला किताब काय दिला? नखरेल!

तेवढ्यात काउंटरपाशी ताटकळलेल्या गिऱ्हाईक बाईंनी कौतुकाने विचारलं, "नात कशी आहे हो?"

"दृष्ट लागेल अशी! साडेचार किलोची जन्मली! आमच्या घराण्यात बाळं अशीच गुटगुटीत. हा माझा लेक पाच किलोचा; ह्याच काट्यावर मैद्यासारखा तोलला होता!"

गिऱ्हाईक हसत बाहेर पडलं आणि सुनेचा बांध फुटला.

"बस्स झालं, आई! ते बाळसं नव्हतं, माझ्या अंगातली साखर होती ती! जन्मल्याबरोबर पोरीची साखर घसरली, चार दिवस ती काचेच्या पेटीत होती. मी काचेवर हात टेकून रडत होते... आणि तुम्ही इथे वजन मिरवत होतात!"

"जीभ आवर!"

"नाही आवरणार! तुम्ही का सोडलंत चाखणं? सांगा ना!"

"मला साखर झाली म्हणून!"

"मग मला कायमची होईपर्यंत वाट बघू?"

सासूबाईंच्या हातातला तुकडा खाली पडला. मैद्याच्या पोत्यावर त्या मटकन बसल्या.

"ह्याच्या पाठीवर एक झाला होता मला... ह्याच्याहूनही मोठा. श्वासच घेतला नाही गं त्याने! सगळे म्हणाले, हिचंच नशीब खोटं. माझी साखर कुणी तपासलीच नाही..."

आयुष्यभर हा निखारा पदरात बांधून ही बाई वजनं सांगत हिंडली! मूल गेलेल्या आईलाच दोषी ठरवणारे ते कोण होते? तिचा संताप आता दोघींचा झाला. तिने गुडघ्यांवर बसून सासूबाईंना घट्ट मिठी मारली. कुणीच कुणाला 'रडू नकोस' म्हटलं नाही.

सासूबाईंनी डोळे पुसले, केकची सुरी लेकाच्या हातात कोंबली. "आजपासून चाखायचं काम तुझं. नि घासभरच हं! जन्मतःच पाच किलो भरलायस, पुढचं जपून!"

"आणि पाव पोचवायचं?" तो ओशाळून म्हणाला.

"ते आम्ही दोघी करू. पायी."

पुढच्या आठवड्यात दोघी पावाच्या पिशव्या घेऊन निघाल्या, तेव्हा कोपऱ्यावर एका नव्या गिऱ्हाइकाने हटकलं, "आजी, तुमची नात म्हणे खूप वजनदार जन्मली होती? किती किलोची हो?"

सासूबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"वजन विसरले बाई. चार दिवसांनी आईच्या कुशीत आली... तेवढं लक्षात आहे."