बोटभर सावली

सावल्या शिवणारीच्या दुकानात त्या दुपारी एक टपालवाली शिरली. हाताने सायकल ढकलत, आणि मागे सावलीची चिंधी फरफटत.

"चेनमध्ये अडकली. होईल का नीट?"

"बसा. अंग सैल सोडा... सावली आखडलीय."

"लाजतेय ती."

"ती... की तुम्ही?"

टपालवाली हसली, आणि शिवणारीच्या सुईत दोरा काही केल्या जाईना.

मावशीने तिला हा धंदा शिकवताना एकच नियम घालून दिला होता. सावलीची कड सारखी करताना जे कातरण पडेल, ते पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. मग मावशी गेली, खोलीत बोलायला कुणी उरलं नाही, आणि शिवणारी प्रत्येकाचं बोटभर कातरण एका डब्यात ठेवून घेऊ लागली. संध्याकाळी ती डब्यातले तुकडे काढून टाचण्यांनी भिंतीवर लावायची आणि त्यांच्याशी गप्पा मारत जेवायची. बोटभरच तर! कुणाला कळतंय?

टपालवालीचं मात्र तिने दोन बोटं ठेवलं. अगदी ताटासमोर लावलं.

आठवड्याने टपालवाली पुन्हा हजर, सावली पुन्हा फाटलेली. मग आणखी एकदा. दर खेपेला आणखी दोन बोटं डब्यात जात. एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"सायकल आहे की उंदीर गं तुझी?"

"तुझाच दोरा कच्चा."

"जीभ आवर, नाहीतर तीही शिवून टाकीन."

"शीव की... जवळ तर येशील."

चौथ्या खेपेला मात्र ती हसली नाही.

"आजकाल मी लोकांना दिसतच नाही. पत्र घेऊन दारात उभी असते, आणि तोंडावर दार लावून घेतात. काल आईने तीनच ताटं वाढली. आम्ही घरात चौघं आहोत."

शिवणारीने खाली पाहिलं. ऐन कलत्या उन्हात टपालवालीची सावली गुडघ्याएवढीच पडली होती. गप्प राहिलं तर ही येत राहील, दर खेपेला पुसट होत. बोललं तर... संपलंच.

तिने डबा आणून टपालवालीच्या मांडीवर ठेवला.

"यात तुझी आहे. आणि सगळ्यांची."

टपालवालीने झाकण उघडून आतले तुकडे चाळले.

"चोर आहेस तू."

"हो."

"का?"

"एकटीला जेवण जात नव्हतं."

बाहेर कुणाचीतरी सायकल वाजत गेली.

"पहिल्यांदा खरंच अडकली होती," टपालवाली म्हणाली. "नंतर मीच घातली चेनमध्ये. दोरा ओवताना तू ओठ दुमडतेस ना... ते बघायला." शिवणारीने मान वर केली, तशी ती कडक झाली. "म्हणून तू सुटली नाहीस हं! पुड्या बांध, पत्ते घाल. मी पोचवीन, आणि कुणी पाठवलं ते सांगीन."

"सांग."

"आणि माझी पक्की शीव. दुहेरी टीप."

"मग परत कशाला येशील?"

शिवून होताच टपालवाली पिशवी भरून निघून गेली.

पुढचे दिवस लोक येऊन शिव्या घालून गेले. शिवणारीने त्या मान खाली घालून ऐकल्या. कोऱ्या भिंतीसमोर ताट घ्यायची आणि निम्मं टाकायची.

नवव्या संध्याकाळी ताटावर सावली पडली. लांबलचक, अखंड, दुहेरी टिपेची.

"काही फाटलंय?" शिवणारीने विचारलं.

"नाही."

"मग...?"

"भूक लागलीय. सरक."