मिसाकी-युच्या भिंतीवरची पेनल्टी

सार्वजनिक स्नानगृहाच्या भिंतीवर फुजी पर्वत काढायला मला साडेसहा तास लागतात. आधी आभाळ, मग डोंगर, मग समुद्र, शेवटी पाइनची झाडं. सुट्टीच्या सोमवारी सकाळी हौदावर फळ्या टाकून उभं राहायचं आणि संध्याकाळी सामान आवरायचं, कारण मंगळवारी तीन वाजता गिऱ्हाईक पाण्यात बसलेलं असतं. जुनं चित्र कोणी खरवडत नाही, त्याच्यावरच नवं चढतं. याइझु बंदरातल्या मिसाकी-यु स्नानगृहात माझ्याच हातचे सात फुजी एकावर एक चढलेले आहेत आणि मला त्यांचा मनापासून कंटाळा आला होता.

त्यामुळे हिरानोने जेव्हा, "यंदा डोंगर नको, आपल्या फुटबॉल क्लबचा पन्नास वर्षांचा इतिहास काढा," असं सांगितलं, तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. हिरानो मासे सुकवण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, क्लबच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याने मला खोकंभर फोटो आणून दिले. कारखान्याच्या आवारात खेळणारी पहिली अकरा पोरं, पहिल्या व्यावसायिक मोसमाची निळी जर्सी, पावसात जिंकलेला चषक. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी मापं घेतो आणि रंग लावतो.

फोटो लावून झाल्यावर मालकीण फुमिए काकू उंच बैठकीवरून खाली उतरल्या. त्या बैठकीवरून बायकांची आणि पुरुषांची, दोन्ही दालनं दिसतात. पंच्याहत्तरीच्या बाई, आवाज कधी चढत नाही.

"तेत्सुयाची पेनल्टी नाही यात," त्या म्हणाल्या.

हिरानो खाली बघायला लागला. तेत्सुया काकूंचा मुलगा. सव्वीस वर्षांपूर्वी मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला त्याने पेनल्टी मारली. गोल झाला असता तर क्लब वरच्या विभागात गेला असता. चेंडू आडव्या दांड्याला लागून परत आला. संघाची बस बंदराजवळ थांबली तेव्हा तेत्सुया उतरला, चालत घरी जातो म्हणाला. घरी पोचला नाही. पुढेही कधी दिसला नाही.

"काकू, तो इतिहास नाही हो, ती जखम आहे," हिरानो म्हणाला.

"मग काय, जखमा झाल्याच नाहीत तुम्हाला पन्नास वर्षांत?"

माझी अडचण वेगळीच होती. आमच्या धंद्यात स्नानगृहात मावळता सूर्य काढत नाहीत, गळणारी पानं काढत नाहीत. जे खाली येतं ते भिंतीवर नको, नाहीतर धंदाही खाली येतो. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण मोडतही नाही. हुकलेली पेनल्टी म्हणजे खाली येणारी गोष्ट. मी तोडगा काढला. बायका-पुरुषांमधली आडभिंत जेमतेम सव्वादोन मीटर उंच आहे, चित्र तिच्या वरून सलग जातं. पुरुषांच्या बाजूला लाथ मारून झालेला तेत्सुया, पाठमोरा, फोटोत होता तसा. बायकांच्या बाजूला गोल आणि झेपावणारा गोलकीपर. चेंडू मी आडभिंतीच्या किंचित अलीकडे, पुरुषांच्या आभाळात ठेवला. अजून कुठेच पोचलेला नाही, म्हणजे हुकलेलाही नाही. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. एप्रिल होता.

जूनमध्ये हिरानोचा फोन आला. "मास्तर, आमचा चेंडू कुठे नेऊन ठेवलात?"

"भिंतीवर असेल की."

"बायकांच्या भिंतीवर आहे. ही कुठली पद्धत?"

मी गेलो. चित्राखालच्या टाइल दहा सेंटिमीटरच्या आहेत, त्या मोजल्या. चेंडू आडभिंत ओलांडून चार टाइल पलीकडे होता. कोणीतरी खोडसाळपणा केला असणार, असं धरून मी आधी रिकामी झालेली जागा बघितली. तिथे आभाळ होतं, माझंच. माझ्या डाव्या हाताचे तिरके फटकारे, आणि त्यात ब्रशचा चिकटलेला एक केस, जो एप्रिलमध्ये माझा काढायचा राहून गेला होता आणि चेंडूखाली झाकला गेला होता. रंग जुना, कडक. नव्या जागी नखाने टोकरलं, तोही तितकाच कडक. चेंडू त्याच आकाराचा होता, सावलीही बरोबर बाजूला होती.

मी फोटो काढला, तारीख लिहिली. रागावायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर गेल्या कित्येक वर्षांत मला एवढी उत्सुकता कशाचीच वाटली नव्हती. तेव्हापासून मी दर महिन्याला ताशी दोनशे येन पार्किंग भरून टेप घेऊन जायला लागलो. जुलैत सात टाइल. ऑगस्टमध्ये दहा. गोलची जाळी तेविसाव्या टाइलवर होती. गोलकीपर जागचा हलला नव्हता.

स्नानगृहाला तर नवाच छंद लागला. एरवी आडभिंतीवरून नवराबायको "मी निघते हो" किंवा "साबण फेक" एवढंच ओरडतात. आता पुरुषांच्या हौदातून रोज हाक जायची.

"तोकुए आजी, कुठवर आला?"

"चौदा," पलीकडून तोकुए आजीचा आवाज. ती रोज तीनच्या ठोक्याला येते. "तुमच्या यंदाच्या आघाडीच्या फळीपेक्षा बराच वेगात आहे."

"आत जाईल का?"

"मला काय विचारता? मी इथे पाय शेकायला येते."

ऑक्टोबरच्या एका सोमवारी मी एकटाच मोजत होतो. सोळा टाइल. फुमिए काकू चहा घेऊन आल्या आणि फळीच्या टोकाला बसल्या.

"किती दिवस लागतील?"

"महिन्याला तीनच्या हिशेबाने डिसेंबर संपता संपता. पण काकू, आत जाईलच असं नाही. त्या दिवशी दांड्याला लागला होता."

"माहीत आहे मला. मी तिथे होते." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "गोल झाला की तो वळायचा. मी जिथे बसलेली असेन तिकडे. लहानपणापासून. हुकला की नाही वळायचा. त्या दिवशीही नाही वळला, तसाच पाठ करून आत गेला. मी त्याला शेवटचं पाहिलं ते असं," त्यांनी आडभिंतीपलीकडे बोट दाखवलं. "तुम्ही काढलंय तसं."



"चेंडू आत गेला तर तो वळेल," त्या म्हणाल्या. "चेहरा दिसला की कळेल मला. केस पिकले असतील तर कुठेतरी जगतोय. नसतील तर नाही. सव्वीस वर्षं झाली, मास्तर. त्याच्या नावाने धूप लावायचा की जेवायला वाट बघायची, एवढं तरी कळू दे."

मी कप खाली ठेवला. "मी काढून देऊ का चेहरा? पन्नाशीचा?"

"तुम्ही फोटो बघून काढाल. नको."

त्या दिवशी पहिल्यांदाच मी टेप गुंडाळताना मनात म्हटलं, जा बाबा आत.

नोव्हेंबरमध्ये चेंडूचा वेग वाढला. एकोणीस. मग दहा दिवसांत बावीस. तो आता गोलकीपरच्या पंजाच्या वर होता, दांड्याच्या अगदी खाली. बायकांच्या हौदात कोणी त्याच्याकडे पाठ करून बसेना.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी दुपारी हिरानोचा फोन आला. तो हळू बोलत होता.

"तोकुए आजी पलीकडून नुसतं 'गेला' म्हणाली. आम्ही सहा जण पाण्यात होतो. सगळ्यांनी वर बघितलं. या तुम्ही. काकूंनी सगळ्यांना घरी पाठवलंय."

मी पाऊण तासात पोचलो. बायकांच्या बाजूची जाळी फुगलेली होती. चेंडू तिच्यात होता.

पुरुषांच्या बाजूला फुमिए काकू पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून हौदाच्या काठावर उभ्या होत्या. त्यांचं तोंड चित्राच्या अगदी जवळ होतं.

तेत्सुया वळला होता.

तो चेहरा मी काढलेला नव्हता. पण फटकारे माझेच होते, डाव्या हाताचे. डोळे आडभिंतीकडे नव्हते, दारातल्या उंच बैठकीकडे होते.

केस काळेभोर होते. फोटोत होता तेवढाच तरुण.

"मोठा नाही झाला," काकू म्हणाल्या.

 मी त्यांना काठावरून खाली घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.

"मास्तर, ही काय आहे? सावली आहे का?"

मी चष्मा लावला. जबड्यावर, ओठांच्या वर, बारीक बारीक काळे ठिपके होते. सामन्याच्या सगळ्या फोटोंत त्याचे गाल गुळगुळीत होते.

"दाढी वाढलीय," मी म्हणालो.

"किती दिवसांची?"

मी पुरुष आहे, मला अंदाज होता. खोटं बोलायला हवं होतं, पण मापाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही.

"तीन. फार तर चार."

हौदाला पाणी येणारा नळ गळत होता. काकू त्याच्याकडे बघत बोलल्या.

"सामन्यानंतर तीन दिवस मी स्नानगृह बंद ठेवलं होतं. लोक दारात येऊन बोलतील म्हणून. पुढचं दार, मागचं आमच्या घराचं दार, दोन्हींना आतून कडी. फोन काढून ठेवला होता, तेत्सुया संघातल्या कोणाकडे राहिला असेल असं धरलं होतं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी मागचं दार वाजवत होतं. दोनदा. मला वाटलं, तेच लोक असतील."

हिरानो दारात उभा होता. तो बाहेर गेला.

मला ते चित्र झाकून टाकायचं होतं. पुढच्याच सोमवारी सगळे रंग घेऊन गेलो, आठवा फुजी काढायला. मागचं दार सताड उघडं होतं, थंडी आत येत होती. काकूंनी मला चित्राला हात लावू दिला नाही. तेत्सुयाच्या बरोबर खाली त्यांनी लाकडी चौरंग, गरम पाण्याचं घमेलं, साबण आणि एक रेझर मांडून ठेवला होता.

"वाफेने रंग खराब होईल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

"होऊ दे."

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी परत गेलो, टेप न घेता. पुरुषांची बाजू रिकामी होती. हौदाच्या काठावर चढलो आणि चष्मा लावला.

दाढी नव्हती. गाल गुळगुळीत होते. फक्त हनुवटीखाली लाल रंगाची एक लहान रेघ होती. मी तिला बोट लावलं. भिंतीवरचा बाकी सगळा रंग एप्रिलपासून वाळलेला होता. तेवढीच रेघ ओली होती.