पाऊसवाल्याचा नवा प्रकार

रिकाम्या रंगमंचाच्या मधोमध उभी राहून ती वर बघत होती. "इथे एक तार कमी पडतेय," ती स्वतःशीच म्हणाली... आणि वरून पाऊस आला.

खराखुरा पाऊस! आधी नाकाच्या शेंड्यावर एक थेंब, मग मानेवर दोन-चार, आणि 'अगं बाई' म्हणेपर्यंत सरसरून सर. तिने लॅपटॉप जॅकेटच्या आत कोंबला, वाट फुटेल तिकडे धूम ठोकली आणि विंगेतल्या अंधारात कुणावर तरी आदळली.

"आधी तो नळ बंद करा!"

"नळ नाही, पाऊस आहे तो." आवाज अपराधी होता, पण कुठेतरी खूशही. "भिजलात का?"

"छे! मी जन्मतःच अशी आहे... ओली."

तो खुदकन हसला. एक चावी पिरगळल्याचा आवाज आला, पाऊस थांबला, आणि एक टॉवेल पुढे आला. टॉवेलला ताज्या रंगाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास होता. केस पुसता पुसता तिने वर पाहिलं. उंच, किडकिडीत, कानामागे पेन्सिल खोवलेली, आणि डोळ्यांत नुकतंच बक्षीस मिळालेल्या पोरासारखा आनंद.

"एक विचारू? थेंब... जरा जाड वाटले का?"

ज्याने आपल्याला नखशिखान्त भिजवलं, तो माणूस थेंबांची चौकशी करतोय! तिला खरं तर संतापायचं होतं.

"शेवटचे बरे होते," ती म्हणाली. आणि हे आपणच बोललो का, याचं तिला दिवसभर नवल वाटत राहिलं.

नाट्यगृह तिच्या आत्याने उभं केलेलं होतं. दोन हंगाम ते बंद पडलं होतं. दिवे-पडद्यांचा जुना कळफलक जळाला, विश्वस्तांनी हात वर केले, आणि इमारत गोदामासाठी द्यायची बोलणीही सुरू झाली. "शेवटचं एक नाटक करू द्या," आत्या म्हणाली, "ते पडलं तर किल्ल्या मीच आणून देईन." नाटक होतं वादळात सापडलेल्या जहाजाचं. आत्याला कधी साधं काही सुचलंच नव्हतं.

मग आत्याने भाचीला फोन केला. "बिट्टे, तू कंपनीत यंत्रांना एकमेकांशी बोलायला शिकवतेस ना? मग माझी बोलती कर. मुकी बसलीत मेली."

बिट्टी सुट्टी टाकून आली. प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीलगत काचेची एक खोली होती, तिथे तिने बस्तान मांडलं. तिचा प्रोग्राम मधोमध बसायचा. कुणालाही काही सांगायचं तर संदेश आधी त्याच्याकडे यायचा. तो संदेश उघडायचा, वाचायचा, समजून घ्यायचा आणि मग पुढे धाडायचा. संदेशांचे प्रकार तीनच – दिवा, पडदा, ध्वनी. प्रत्येकात काय काय असणार, ते आधीच ठरलेलं. काम कसं चोख, आखीव, तिच्या स्वभावासारखं.

आणि या आखीव कामाच्या उरावर बसला होता पाऊसवाला.

आत्याने त्याला नेपथ्याच्या यंत्रांसाठी आणलं होतं. कारखान्यातली नोकरी सोडून तो गावोगावच्या नाटकांसाठी वादळं बनवत फिरायचा. रोज सकाळी काचेवर टकटक व्हायची आणि कानामागे पेन्सिल असलेलं डोकं आत यायचं.

"एक विचारू?"

"नाही."

"धुकं जमलंय."

"म्हणजे आणखी एक प्रकार!" ती कपाळाला हात लावायची. "धुक्याला काय काय सांगावं लागतं?"

"किती दाट, किती वेळ... आणि कुठून यायचं ते."

मग ती मधल्या प्रोग्रामला धुकं शिकवायची, सगळी यंत्रं बंद करून पुन्हा सुरू करायची. दुसऱ्या दिवशी वारा. तिसऱ्या दिवशी डोलणारं जहाज. "अहो, तुम्हाला एकदाच काय ते सुचत नाही का?" ती करवादायची. "सुचतं ना," तो शांतपणे म्हणायचा, "पण मग दुसऱ्या दिवशी इथे यायला निमित्त काय?"

अशा वेळी ती पडद्यावरच्या ओळींकडे फार लक्ष देऊन बघायची. एकही ओळ दिसायची नाही, ती गोष्ट वेगळी.

रंगीत तालमीच्या दिवशी मात्र घात झाला. पाऊसवाल्याने सकाळी वीज जोडली आणि गडबडीत ते सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या अंकात विजेचा संदेश सुटला. मधल्या प्रोग्रामने तो उघडला, त्याला त्यातलं अक्षरही कळेना, आणि तो जागच्या जागी थिजला. त्याच्याबरोबर सगळंच थिजलं. दिवे गेले, पडदा अर्ध्यावर लोंबकळला, जहाज एका अंगाला कललं ते कललंच. कप्तानाचं काम करणारे जाडजूड नट डोलकाठीला मिठी मारून ओरडत होते, "मला उतरवा! संवाद नंतर म्हणतो!"

त्यांना शिडी लावून उतरवलं. आत्या रंगमंचावर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "वीज काढा. पाऊस काढा, धुकं काढा. समुद्र मी प्रेक्षकांना तोंडी सांगेन." आणि पाठ फिरवून निघून गेली.

बिट्टी विंगेत आली, तेव्हा तो पावसाचे पाइप गुंडाळत होता. आज कानामागे पेन्सिल नव्हती.

"चूक माझी. सांगायला विसरलो."

"विसरलात ती तुमची चूक. पण न कळलेल्या एका संदेशाने सगळं नाट्यगृह आडवं व्हावं, ही माझी."

"तुम्ही कशाला अंगावर घेता? तसाही मी शुभारंभ झाला की निघणार. फिरत्या नाटकमंडळीचं बोलावणं आलंय. उद्यापर्यंत त्यांना कळवायचंय..."

"हो का," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की तिचं तिलाच खरं वाटेना. छातीत मात्र काहीतरी त्या जहाजासारखं एका अंगाला कललं होतं.

तिने त्याच्या हातातला पाइप ओढून घेतला. "हे गुंडाळू नका. बसा इथे. पोस्टमन पत्र फोडून वाचतो का?"

"शहाणा असेल तर नाही."

"माझा वाचतोय! प्रत्येक पत्र उघडतो आणि एखादं कळलं नाही की रस्त्यातच फतकल मारून बसतो. त्याला काय करायचंय आत काय आहे ते?" बोलता बोलता तिचे डोळे चमकायला लागले. "प्रत्येक संदेश पाकिटात घालायचा. पाकिटावर प्रकाराचं नाव आणि आतला मजकूर किती लांब ते, बस्स. मधल्याने ते पुढे द्यायचं. ज्याला ते नाव ओळखीचं आहे त्याने उलगडावं. ज्याला नाही त्याने तेवढी लांबी ओलांडून आपल्या कामाला लागावं."

"म्हणजे उद्या मी नवीन काही बनवलं, तर..."

"बनव की! तुझ्या यंत्राला उलगडता आलं म्हणजे झालं. मला विचारायचीही गरज नाही."

तो नुसता बघत राहिला.

"काय झालं?"

"'तुझ्या' म्हणालीस."

ती गोरीमोरी झाली. "घाईत निघालं तोंडातून."

"मग रोज घाईत असत जा," तो म्हणाला.

दोघं कामाला भिडली. ती पाकिटं बांधायची, तो यंत्रांना उलगडायला शिकवायचा. पक्की परीक्षा व्हावी म्हणून तो तोंडाला येतील ते प्रकार पाठवायचा – शिंक, उचकी, एकदा तर 'सासूबाई'.

"सासूबाईत काय आहे?"

"काही नाही. नुसतं नाव ऐकून कोण दचकतं ते बघायचं होतं."

कुणीच दचकलं नाही. दिव्यांनी, पडद्याने सासूबाईंना आदबीने वाट दिली आणि आपापलं काम चालू ठेवलं. बिट्टी हसता हसता खुर्चीतून पडायची राहिली.

ठेच लागली ती दुसऱ्या दिवशीच्या सरावात, वेगळ्याच दगडाला. त्याने पंख्याच्या संदेशाला नाव दिलं 'वारा', आणि शिडं हलवणाऱ्या यंत्राच्या संदेशालाही 'वारा'! शिडांसाठीचे आकडे पंख्याने आपले समजून उलगडले आणि असा काही सुटला, की कप्तानाचा टोप उडाला तो थेट तिसऱ्या रांगेत बसलेल्या आत्याच्या मांडीवर.

सगळे श्वास रोखून उभे राहिले. आत्याने टोप उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि रंगीत तालमीनंतर पहिल्यांदाच हसली. "यंत्रं चालली ना पण? थांबलं नाही ना काही?"

"नाही आत्या. फक्त नावाची गल्लत झाली. आता एक नाव एकालाच. 'पंख्याचा वारा' वेगळा, 'शिडाचा वारा' वेगळा."

"मग ठेवा तुमचा समुद्र." टोप परत करत आत्या म्हणाली. "पण बुडालो तर एकत्र बुडायचं."

शुभारंभाला नाट्यगृह गच्च भरलं होतं. विश्वस्त पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. बिट्टी काचेच्या खोलीत होती, कानाला हेडफोन, तोंडाशी माइक. त्याच तारेवर दिवेताई, ध्वनीकाका, विंगेत उभी आत्या आणि रंगमंचाखाली यंत्रांपाशी तो. फिरत्या मंडळींना त्याने काय कळवलं, हे तिने विचारलं नव्हतं. विचारणार तरी कुठल्या तोंडाने? 'मला काय त्याचं' असा चेहरा करून ती दोन दिवस वावरली होती.

पहिला अंक रंगला. धुकं आलं, जहाज डोललं, पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीचा हात घट्ट धरला. दुसरा अंक वादळाच्या दिशेने निघाला आणि हेडफोनमध्ये ध्वनीकाकांचा आवाज आला. "मेलो! मोठा स्पीकर गेला. गडगडाट नाही आपल्याकडे."

वादळ, आणि गडगडाट नाही! आत्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"बिट्टी." त्याचा आवाज, धापा टाकत. "इथे खाली पत्र्याचा मोठा तुकडा आहे. त्याला मोटार जोडतोय. उलगडायचा कोड माझ्या यंत्रावर लिहितोय... झाला. नवा प्रकार आहे. चालू प्रयोगात चालेल?"

सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचे दिवस तिला आठवले. तेव्हा हे केवळ अशक्य होतं. तिने बोटं कीबोर्डवर ठेवली.

"नाव सांग."

"पत्र्याचा गडगडाट."

"आत काय काय?"

"जोर... आणि वेळ."

"विजेच्या पाठोपाठ लावला. वीज कधी?"

"आत्ता!" आत्या कुजबुजली.

बिट्टीने कळ दाबली. पाकीट निघालं. मधल्याने ते उघडलं नाही, दिव्यांनी सोडून दिलं, पडद्याने सोडून दिलं. रंगमंचावर वीज लखलखली. एक क्षण सामसूम... आणि मग जमिनीच्या पोटातून असा गडगडाट उठला, की खुर्च्या हादरल्या. काचेची खोली थरथरली. कुणी किंचाळलं, कुणी हसलं, आणि छतातून पाऊस कोसळला – बारीक, तिरका, दिव्यांत चांदीसारखा चमकणारा पाऊस. कप्तान त्यात भिजत गरजले, आणि प्रेक्षकांच्या टाळ्यांनी त्यांचं पुढचं वाक्य गिळून टाकलं. विश्वस्तांच्या हाताच्या घड्या कधीच सुटल्या होत्या.

नाटक संपलं तेव्हा लोक उभे राहिले. नट वाकले, पडदा पडला, पडदा उघडला, पुन्हा पडला. टाळ्या थांबेनात. सर्वांत मोठे विश्वस्त डोळे पुसत आत्याला विंगेत गाठून म्हणत होते, "गोदामाला दुसरी जागा बघू द्या त्यांना. पुढचं नाटक कुठलं, ते सांगा!" ते सगळं आत्याच्या माइकमधून बिट्टीच्या कानात येत होतं. ती हसत होती आणि रडतही होती.

"जिंकलो गं," तो तारेवर म्हणाला. "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय." आणि मग, डोकं कुठे होतं कुणास ठाऊक, ती बोलून गेली, "जाऊ नकोस."

तारेवर काहीतरी खणकन पडल्याचा आवाज आला.

"हे... कामाचं बोलतेयस?"

"नाही. कामाला कुणीही मिळेल. मला तू हवास."

"आम्हीपण आहोत हं तारेवर," दिवेताई म्हणाली.

"श्श! त्याला बोलू दे," ध्वनीकाका.

बिट्टीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कान तापून लाल झाले होते. पण शब्द माघारी घ्यावेत असं मात्र तिला वाटलं नाही. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच आत सगळं सरळ उभं होतं.

"मी त्यांना कालच नाही म्हणून कळवलंय," तो म्हणाला. "तुझा तो तिरसट चेहरा बघून दोनदा वाटलं, मूर्खपणा केला. पण रोज सकाळी कुठल्यातरी दुसऱ्याच काचेवर टकटक करायची... जमलं नसतं गं. आवडतेस तू मला. पहिल्या दिवशी, ओल्या केसांनी भांडत होतीस ना, तेव्हापासून."

ध्वनीकाकांनी शिट्टी मारली. आत्याने घसा खाकरला.

"बिट्टे, लोक अजून उभे आहेत. पडदा उघड आणि खाली ये. त्यालाही घेऊन ये."

बिट्टीने कळ दाबली, हेडफोन फेकला आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पळत सुटली. तिकडे रंगमंचावरची झडप उघडून तो वर आला – अंगभर तेल, केसांत भुसा, आणि तोंडभर हसू. उभे असलेले लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते. कोण आहे, काय आहे, त्यांना काही ठाऊक नव्हतं, तरी टाळ्या चालूच होत्या. ती पायऱ्या चढली. त्याने तेलकट हात पँटला पुसला आणि पुढे केला. तो पुरता पुसला गेला आहे की नाही, हे न बघताच तिने तो धरला, आणि भरल्या नाट्यगृहासमोर दोघं एकदमच वाकली.