उघडी राहिलेली तार

आले होते वरच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार घेऊन, पण जिन्यात खालच्या भाडेकरूनंच अडवलं. हातात जळका राऊटर, चेहरा असा, जणू घरातलं कुणी आजारी पडलंय.

"इंटरनेटवाल्या ना तुम्ही? आधी माझ्याकडे या."

"तक्रार नोंदवलीत?"

"कशानं नोंदवू? फोनपण जळालाय!"

हसू दाबत आत गेले. तळघरातली खोली, मोबाईलला रेंज नाही. तो मुलांना ऑनलाइन बुद्धिबळ शिकवायचा. विजेच्या झटक्यापासून उपकरणं वाचवणारा प्लगचा महागडा बोर्ड आणला होता त्यानं, पण टेलिफोनची तार भिंतीतून थेट राऊटरमध्ये!

"पुढचं दार लावलंत, मागचं सताड उघडं," मी म्हटलं. "झटका या तारेवरूनही येतो. हीसुद्धा बोर्डातून घ्या. आणि ढग गडगडले की विजेची नि फोनची, दोन्ही वायरी काढून ठेवा."

"बरं. तुम्ही परत कधी येणार?"

"काही जळलं तर."

"मग... आत्ताच थांबा ना."

कान तापले माझे. मेला, पहिल्याच भेटीत!

नंतर त्याचे फोन सुरू झाले. दिवा लुकलुकतोय, दिवा लुकलुकत नाही... कधीतरी तुम्हीचं तू झालं, कळलंही नाही.

आणि काल म्हणाला, "लांबच्या शहरातल्या शाळेत नोकरी मिळतेय. उद्या संध्याकाळी त्यांचा फोन येईल. काय सांगू — तू सांग."

"उद्या सांगते," म्हटलं खरं, पण डोळ्याला डोळा लागला नाही.

आज दुपारी मनाशी ठरलं, आणि नेमकं आभाळ गडगडायला लागलं. त्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला... अगं, वायरी काढल्या असणार त्यानं, फोनही त्याच तारेवर! मीच तर शिकवलेलं. पण माझं गप्प राहणं म्हणजे नकार, असं वाटलं त्याला तर? स्कूटर काढली नि भिजत निघाले.

पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तो अंधारात बसला होता, दोन्ही वायरी मांडीवर घेऊन.

"शाळेचा फोन?"

"येणार कसा? लावू की नको, लावू की नको करत बसलोय. तुझाही यायचा होता ना..."

"मग लावायच्या होत्यास, वेड्या!"

"आणि जळालं असतं तर? म्हणाली असतीस, याला दोन तारा सांभाळता येत नाहीत, मला काय सांभाळणार!"

हसता हसता रडूच आलं मला.

"त्यांना हो म्हण."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... जाऊ मी?"

"तिथेही राऊटर जळतच असतील की. मला काम मिळेल."

त्यानं सरकून मला शेजारी जागा करून दिली. बऱ्याच वेळानं गडगडाट थांबला, तेव्हा त्यानं तारा जोडल्या. मी त्याची बाही घट्ट धरून बसले. राऊटरचे दिवे लागले. आणि फोन वाजला.

"हो, येतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. "नाही सर... एकटा नाही."