लाल ताऱ्याकडे टक लावू नये

हे?

"—की हे?"

काच टक्कन बदलली. अंधाऱ्या खोलीतल्या खुर्चीवरून तो म्हणाला, "दोन्ही सारखंच. निघाला का नंबर?"

"शेवटची ओळ वाचा."

त्याने वाचली. तिच्याखाली छापखान्याचं बारीक नाव होतं, तेही वाचलं. चष्मेवालीने दिवा लावला. "अभिनंदन. तुम्हाला चष्मा नाही."

त्याचा चेहरा असा उतरला, की आपण चुकून भलतीच बातमी दिली असं तिला वाटलं.

"नाही? अहो, नीट बघा ना. थोडासा... पाव तरी?"

"इथे लोक नंबर नको म्हणून रडतात."

"माझं सगळंच उफराटं." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर भिंतीवर नेली. आल्यापासून हेच. बघायचं, की काढली नजर. नाकाला काही लागलंय की काय... तिने हळूच नाक पुसलं.

रंगाच्या दुकानात तो छटा जुळवायचा. कुणी जुन्या भिंतीचा टवका आणला, की हुबेहूब तोच रंग घोटून द्यायचा. "डोळ्यांवरच पोट आहे. पण भीती पोटाची नाही हो. हसू नका... मी तारे बघतो."

तिचा हात थबकला.

"एक लाल तारा आहे. त्याचं तेज महिन्यामहिन्याने कमी-जास्त होतं. आमच्या मंडळातले हौशी लोक शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून ते ठरवतात आणि कळवतात. नावं नाहीत, नुसती तीन अक्षरं. म्हणजे भांडणं नकोत. तरी झालंच! एक जण आहे, ट-व-ळ. मी त्याला टवाळ म्हणतो. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. टवाळाला तो तारा कायम माझ्यापेक्षा अर्ध्या प्रतीने उजळ दिसतो. मंडळ चालवणारे आजोबा भडकलेत. ज्याची चूक निघेल, त्याच्या या ताऱ्याच्या सगळ्या नोंदी बाद. म्हटलं, आधी आपलेच डोळे..."

तिच्या हातातली काच पडली. फुटली.

ट-व-ळ म्हणजे ती. चष्मेवाली. म्हणजे हा समोरचा—

"तुमची अक्षरं?" काचा वेचता वेचता तिने विचारलं.

"न-ख-र."

नखरेल! ज्याला ती गच्चीवरून दर संध्याकाळी मनोमन शिव्या द्यायची, तो नखरेल! आणि त्याची नजर बिनचूक. मग चूक कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको होता. एक छोटंसं खोटं पुरलं असतं. "हो, थोडा नंबर आहे." तिच्या सगळ्या संध्याकाळी वाचल्या असत्या.

जीभ उचललीच नाही.

"उद्या या," ती म्हणाली. "यंत्र... जरा तापलंय."

की हे?

दुकान आत्याचं. आत्याची जीभ दुकानातल्या कुठल्याही काचेपेक्षा धारदार. तिने भाचीला त्याच खुर्चीत बसवलं.

"शेवटची ओळ."

चष्मेवालीने वाचली. छापखान्याचं नावही.

म्हणजे... आपलेही डोळे बिनचूक? मग तारे काय दोन आहेत?

"डोळे ठणठणीत," आत्या म्हणाली. "डोकं तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही. कोण आहे तो?"

"कोण... कोण?"

"ज्याच्यापायी महागाची काच फोडलीस, तो."

आता?

दिवेलागणीला तो आला. ती त्याला थेट दुकानाच्या गच्चीवर घेऊन गेली.

"तपासणी वर असते?"

"तुम्हाला नंबर नाही. काल खोटं बोलणार होते, जमलं नाही." तिने कोपऱ्यातल्या दुर्बिणीवरचं कापड ओढलं. "मीच टवाळ."

तो टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसला. उघडलेलं तोंड मिटायचं राहूनच गेलं.

"पण... टवाळाला मिशा आहेत!"

"कुणी सांगितलं?"

"मीच ठरवलं होतं."

"मी ठरवलं होतं, नखरेलला कवळी आहे."

हसायचं की भांडायचं, हे ठरेपर्यंत अंधारलं आणि तारा दिसू लागला. तिने दुर्बिणीला डोळा लावला. लावला तो लावलाच.

"झोपलात का?"

"नीट बघतेय. तुमच्यासारखं उडत उडत नाही."

"असं किती वेळ बघता?"

"मन भरेपर्यंत."

"अहो!" तो ताडकन उठला. "लाल आहे तो! अंधारात लाल ताऱ्याकडे टक लावली, की तो उजळत उजळतच जातो. डोळा फसतो! झर्रकन बघायचं आणि नजर काढायची."

तिने झर्रकन बघितलं. नजर काढली. पुन्हा बघितलं.

मंद. नेमका त्याच्याइतका मंद.

या वेळी काही फुटलं नाही. नुसतं आत काहीतरी खोल खोल गेलं. इतक्या संध्याकाळी... सगळ्या बाद?

"मी कळवतो ना," तो घाईने म्हणाला, "की माझेच डोळे बिघडलेत."

"खबरदार!"

तिने स्वतःच आजोबांना फोन लावला, आवाज मोठा केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे आजोबा खाकरले. "दर वेळी अर्ध्याच प्रतीचा फरक?"

"हो."

"मग ती चूक नाही पोरी, सवय आहे. सवय वजा करता येते. पण नेमकी किती, ते मोजायला हवं. नखर तिथेच आहे ना? हंगामभर एकाच दुर्बिणीशी बसा दोघं. आणि भांडू नका."

फोन बंद. दोघं आ वासून फोनकडे बघत राहिले.

स्पष्ट

"एक विचारू?" ती म्हणाली. "माझ्या नाकाला काय आहे?"

"नाकाला?"

"कालपासून बघता आणि लगेच नजर काढता."

तो कठड्याशी बोलला. "तुमचा स्वेटर... लाल होता."

"मग?"

"मग काय... नियम पाळला. टक लावली असती, तर तुम्ही उजळत उजळत..."

स्वेटर आजही तोच होता. आणि या वेळी त्याने नजर काढली नाही.

"नियम मोडतोयस," ती म्हणाली.

'तोयस'! दोघंही दचकले.

"चूक आहे खरी," तो हळूच म्हणाला. "पण रोज तेवढीच करीन. वजा करशील?"

ती त्याच्याकडे बघत राहिली... मन भरेपर्यंत.

खालून आत्या ओरडली, "काय गं, लागला का त्याला नंबर?"

नजर न काढता चष्मेवाली म्हणाली, "लागला, आत्या!"